अंतर सांगणारी दुर्बीण : तिचा वापर व निगा

दूरचा पदार्थ जवळ दाखविणारी दुर्बीण आपल्या लोकांस नवी नाहीं. परंतु ज्या पदार्थावर ती रोखली असेल तो किती मीटरांवर आहे, हें बटण दाबतांच आंतल्या आंत आंकड्यांनीं दाखविणारी जोडनळीची दुर्बीण आतां खेड्यांतहि कोठें कोठें दिसूं लागली आहे. कोणाचा मुलगा परदेशांतून येतांना आणतो, कोणी शहरांतून मागवितो. तिला लेझर-अंतरमापक दुर्बीण म्हणतात. शेतकऱ्यानें ती विकत घ्यावी कीं नाहीं हा प्रश्न शेवटीं पाहूं. पण ज्याच्या घरीं ती आली आहे त्यानें ती कशी वापरावी, तिच्या आंकड्यावर कोणत्या कामांत भिस्त ठेवावी आणि कोणत्या कामांत मुळींच ठेवूं नये, हें सांगणें जरूर वाटतें. आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. टिपणें, फाळणी-पत्रकें आणि बांधाच्या तक्रारींचे अर्ज यांच्याशीं आमचा संबंध यंत्रांपेक्षां जास्त. म्हणून यंत्राच्या कौतुकापेक्षां त्यानें दिलेल्या आंकड्याचें पुढें काय होतें, इकडे आमचें लक्ष अधिक जातें.

लेझर हा एकाच रंगाचा व फारसा न फांकणारा प्रकाश होय. अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं १९६० सालच्या मे महिन्यांत माणकाच्या कांडीपासून तो प्रथम उत्पन्न केला. त्यानें अंतर मोजण्याची युक्ति लवकरच निघाली व ती आरंभीं लष्कराच्या कामीं आली. १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या अमेरिकन मंडळींनीं तेथें ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून किरण टाकून चंद्राचें अंतर मोजण्यापर्यंत या विद्येची मजल गेली. जोडनळीच्या दुर्बिणींत हें अंतरमापक बसवून ती शिकारी लोकांस विकण्यास जर्मनीच्या लायका कंपनीनें १९९२ सालीं सुरवात केली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें शिकारीचा प्रश्नच उरला नाहीं. तेव्हां यंत्राच्या माहितीपुस्तकांतील शिकारीसंबंधींचीं पानें वाचकांनीं खुशाल उलटावीं.

युक्ति समजण्यास कठीण नाहीं. बटण दाबल्यावर यंत्रांतून डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक क्षणिक ठोका निघतो. तो समोरच्या पदार्थावर आदळतो आणि त्याचा अल्प अंश परत येतो. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळास प्रकाशाच्या वेगानें गुणून यंत्र त्याची निमपट करतें, तेंच अंतर. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लक्ष किलोमीटर जातो. सेकंदाचे शंभर कोटि भाग कल्पिले तर एक मीटर जाऊन परत येण्यास त्याला त्यांतले सुमारें पावणेसात भागच लागतात. इतका सूक्ष्म काळ मोजतांना थोडा फरक राहणारच. म्हणून बहुतेक दुर्बिणींच्या माहितीपत्रकांत अचूकपणा 'एक मीटर कमीजास्त' असा छापलेला असतो. हे तीन शब्द वाचकांनीं विसरूं नयेत. पुढें त्यांच्याशीं गांठ आहे.

आतां वापराकडे वळूं. दुर्बिणीवर ८×४२ असे आंकडे असतात. पहिला आंकडा किती पट जवळ दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागावें. सव्वापांच येतात, तो डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास. हा भागाकार तीनच्या आसपास असेल तर तिन्हीसांजेस अंधुक दिसेल. पट फार वाढविण्यांतहि लाभ नाहीं, कारण दहापेक्षां अधिक पटीच्या दुर्बिणींत हाताचा कंप डोळ्यांसमोर नाचूं लागतो.

प्रथम मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचें एक वर्तुळ दिसेल असें करावें. चष्मा असणारानें डोळ्यांजवळील रबरी कडीं पिरगळून खालीं बसवावीं. नसणारानें वर काढावीं. अंतराचे आंकडे बहुधा एकाच नळींत दिसतात. त्या नळीच्या डोळ्याजवळील कडें फिरवून आधीं ते आंकडे स्पष्ट करावे, आणि मग मधलें चाक फिरवून दूरचें झाड स्पष्ट करावें. हा क्रम उलटा केल्यास झाड दिसतें पण आंकडा पुसट राहतो, आणि तीनचा आठ वाचला जातो. एकाच घरांत बाप व मुलगा दोघे दुर्बीण वापरीत असतील तर प्रत्येकानें आपल्या डोळ्याची खूण कड्यावर ध्यानांत ठेवावी.

बटण एकदां दाबल्यावर पुष्कळ यंत्रांत एक लाल चौकोन अगर वर्तुळ उमटतें. तें पदार्थावर बसवून पुन्हां बटण दाबलें कीं अंतर उमटतें. बटण दाबून धरल्यास कांहीं यंत्रें एकसारखीं मोजीत राहतात. हलणाऱ्या पदार्थासाठीं ही सोय आहे. आंकड्याऐवजीं नुसत्या रेघा दिसल्या तर किरण परत आला नाहीं असें समजावें. आणखी एक गोष्ट सुरवातीसच तपासावी. पुष्कळ यंत्रें मीटर व वार या दोन्ही मापांत चालतात. शंभर वार म्हणजे सुमारें साडेएक्याण्णव मीटर. वारांतला आंकडा मीटर समजून पाइप आणले तर दर शंभरास साडेआठ मीटर पाइप फुकट पडून राहील.

नेम धरण्यांत लोकांची गफलत होते ती अशी. लेझर किरण दोऱ्यासारखा बारीक राहतो ही समजूत खरी नाहीं. तो फांकतो, थोडा फांकतो इतकेंच. मीटरास दीड मिलिमीटर फांकणारा किरण पांचशें मीटरांवर पाऊण मीटर रुंद होतो. तेथें वीतभर रुंदीच्या हद्दीच्या दगडावर नेम धरला तर किरणाचा मोठा भाग दगडास चुकवून मागच्या कुंपणावर अगर अलीकडच्या गवतावर पडतो, आणि यंत्र त्यांपैकीं कोणाचेंहि अंतर सांगून मोकळें होतें. तें कशाचें आहे हें यंत्र सांगत नाहीं. कांहीं यंत्रांत जवळचा पदार्थ धरावा कीं दूरचा, हें ठरविण्याची सोय असते. ती अवश्य शिकून घ्यावी. काळ्या नांगरटीवर तिरपा नेम धरणें तर सर्वांत वाईट, कारण काळी माती प्रकाश गिळते आणि सपाट जमिनीवर तो किरण लांबच लांब पसरतो. पाण्याच्या पृष्ठावरून तो पलीकडे निसटून जातो. धुकें, पाऊस, मळणीची धूळ आणि भर दुपारचें ऊन यांनीं यंत्राचा पल्ला घटतो. चैत्र-वैशाखांत जमिनीवरून वाफ थरथरूं लागली म्हणजे नेमच स्थिर धरवत नाहीं. सकाळचा किंवा ढगाळ दिवसाचा प्रहर मोजण्यास उत्तम.

यावर उपाय सोपा आहे. ज्या ठिकाणाचें अंतर पाहिजे तेथें गड्यास पांढरा रंग दिलेली हातभर फळी समोरासमोर उभी धरावयास सांगावें. फळीला सायकलच्या मागें लावतात तसला लाल परावर्तक ठोकला तर फारच उत्तम. दुर्बीण गाडीच्या दांडीवर, खांबावर किंवा दगडी गडग्यावर टेकवावी. पांच वेळां मोजावें. चार आंकडे जुळून एक वेगळा आला तर तो सोडावा, आणि पांचहि वेगळे आले तर नेमच चुकत आहे असें जाणावें.

या यंत्राचा शेतकऱ्यास खरा उपयोग कोठें आहे, तर विहिरीवरून माळावर पाणी चढविण्याच्या अंदाजांत. ज्या यंत्रांत चढउताराचा कोनहि दिसतो तीं या कामीं मोलाचीं आहेत. विहिरीच्या कांठीं उभे राहून वरच्या टाकीवर नेम धरला, अंतर २६० मीटर व कोन ८ अंश आला असें समजा. या दोन आंकड्यांतून तीन गोष्टी निघतात. २६० मीटर हें नजरेच्या तिरप्या रेषेचें अंतर. पाइप चढावरूनच जावयाचा असल्यामुळें पाइपासाठीं हेंच धरावें. वीस फुटी, म्हणजे सुमारें सहा मीटरांचे ४४ पाइप होतात. मधल्या घळी व वळणें नजरेच्या रेषेंत येत नाहींत, म्हणून दोन-चार नग जास्त धरावे. सपाटीचें अंतर, म्हणजे नकाशावर जें दिसेल तें, २५७॥ मीटर. आणि उंची सुमारें ३६ मीटर. ही उंची आपल्या डोळ्यापासूनची आहे, तेव्हां डोळ्याची जमिनीपासूनची दीड मीटर उंची तींत मिळवावी. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी कांठापासून दहा मीटर खालीं जात असेल तर तेहि मिळवावे. सुमारें ४८ मीटर झाले. पाइपांतील घर्षणाची तूट पाइपाच्या व्यासाप्रमाणें त्यावर निराळी. मोटर विकणारा 'हेड किती' म्हणून विचारतो त्यास हें उत्तर द्यावें. पुष्कळ शेतकरी तेथें अंदाजानें कांहीं तरी सांगतात, आणि मग मोटर एक तर पाणी वर टाकीत नाहीं, नाहीं तर गरजेपेक्षां मोठी घेतल्यामुळें जन्मभर वीज खाते.

हे गुणाकार ज्यांस यावयाचे नाहींत त्यांच्यासाठीं थोडे आंकडे देतों. तिरपें अंतर शंभर मीटर असतां ५ अंशांस उंची ८.७ व सपाटी ९९.६, १० अंशांस उंची १७.४ व सपाटी ९८.५, १५ अंशांस २५.९ व ९६.६, २० अंशांस ३४.२ व ९४. अंतर दुप्पट तर हे आंकडेहि दुप्पट. कांहीं यंत्रें सपाटीचें अंतर आपण होऊन काढून दाखवितात. आपल्या यंत्राचा आंकडा तिरपा आहे कीं सपाटीचा, हें पुस्तकांत पाहून ठेवावें. मात्र कोनांत अर्ध्या अंशाचा फरक पडला तर वरील उदाहरणांत उंचींत सव्वादोन मीटरांचा फरक पडतो. मोटरीच्या हिशेबांत हा फरक खपून जातो. पाटाच्या उताराच्या कामांत तो कदापि खपणार नाहीं; तेथें पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा पातळी-यंत्रच पाहिजे. दुर्बिणीनें पाट आंखणारास पाणी उलटें वाहतांना पाहण्याचा योग येईल.

कुंपणाच्या तारेचा व खांबांचा अंदाज, विजेच्या खांबापासून विहिरीपर्यंत तार किती लागेल, फवारणीसाठीं क्षेत्र ढोबळ किती, हीं कामें दुर्बिणीनें सुखानें होतात. उंसांत बिबट्या दिसल्यास, किंवा दोडामार्गाकडील बागायतदारांस हत्ती दिसल्यास, तो किती दूर आहे हें वन खात्यास नेमकें कळवितां येतें. पण त्यासाठीं जवळ जाऊं नये, दुरून पाहण्यासाठींच दुर्बीण आहे.

आतां बांधाचा विषय. या लेखास आम्हीं हात घातला तो मुख्यत्वें यासाठीं.

इंदापूर तालुक्यांत १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनीं जी मोजणी व जमाबंदीची पद्धत बसविली तीच मुंबई इलाख्यांत पसरली, आणि तिच्या टिपणांवर आपले बांध आजहि उभे आहेत. तेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. आतां 'एक मीटर कमीजास्त' हें या मापांत बसवून पाहा. एक मीटर म्हणजे दीड आण्याहून थोडें अधिक. चौकोनी एक एकराची बाजू सुमारें ६३.६ मीटर असते. दोन्ही बाजूंस एकेक मीटर जास्त धरला गेला तर क्षेत्र सवा गुंठ्यानें वाढतें. जमीन जेथल्या तेथें असते. वाढतो तो कागदावरचा सवा गुंठा, आणि तो कोणाच्या तरी पदरांतून काढावयाचा म्हणून तंटा उभा राहतो.

आमच्या पाहण्यांतली एक हकीकत आहे. गांव व नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोन चुलत भावांच्या शेतांमधला बांध. थोरल्याच्या मुलानें नवी दुर्बीण आणली होती. त्यानें विहिरीच्या कोपऱ्यावरून पलीकडच्या बांधावरील दगडाकडे पाहिलें. टिपणांत त्या रेषेची लांबी बारा साखळ्या, म्हणजे ३९६ फूट, म्हणजे १२० मीटर ७० सेंटिमीटर होती. यंत्रानें ११९ दाखविले. पावणेदोन मीटर कमी भरले, म्हणजे काकानें दगड सरकविला, असा निकाल त्या मुलानें तेथेंच उभ्या उभ्या दिला. बांध शंभर मीटरांचा, तेव्हां प्रश्न पावणेदोन गुंठ्यांचा झाला. रात्रींतून कुंपणाचे खांब पुढें गेले. सकाळीं ते उपटले गेले. दोन्ही घरचीं माणसें पोलीस ठाण्याच्या बांकावर जाऊन बसलीं. त्या खरिपांत बांधालगतचा पट्टा कोणीच पेरला नाहीं. पुढें हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज झाला. भूकरमापकानें येऊन जुन्या खुणांवरून मोजून पाहिलें, तों दगड होता तेथेंच होता. दगडाच्या अलीकडे दीड-पावणेदोन मीटरांवर घाणेरीचें दाट झुडूप होतें. यंत्रानें झुडपाचें अंतर सांगितलें होतें, आणि झुडपापुरतें तें खरेंच होतें. चुलत्यांच्या घरीं पुढल्या दिवाळीस कोणी गेलें नाहीं.

लाल आंकडा दिसला कीं मनुष्याचा त्यावर चटकन विश्वास बसतो. साखळी ओढणाऱ्या शिपायावर मात्र बसत नसे. वास्तविक साखळी रोज ताणून तिच्या कड्या उघडत व ती लांब होई, म्हणून प्रमाण-मापाशीं ती पडताळून पाहण्याची शिस्त होती. दुर्बिणीस अशी पडताळणी कोण करतो? आमची सूचना अशी आहे कीं आपल्या वाड्याच्या ओट्यापासून एखाद्या पक्क्या भिंतीपर्यंत पोलादी टेपनें शंभर मीटर मोजून दोन्हीकडे खूण करून ठेवावी, आणि दर हंगामाच्या आरंभीं दुर्बीण त्या अंतरावर लावून पाहावी. दोन मीटरांहून जास्त फरक वारंवार दिसला तर यंत्र बिघडलें आहे.

हद्दीविषयीं संशय असल्यास तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे फी भरून हद्द कायम मोजणीचा अर्ज करणें हाच मार्ग आहे. तेथें आतां साखळीच्या जागीं मिलिमीटरांच्या घरांत मोजणारीं तिपाईवरचीं यंत्रें, आणि उपग्रहांच्या साहाय्यानें कांहीं सेंटिमीटरांपर्यंत जागा ठरविणारे रोव्हर आले आहेत. शिवाय मोजणीच्या वेळीं लगतच्या खातेदारांस नोटीस जाते व त्यांच्या समक्ष काम होतें. दुर्बिणीच्या आंकड्यास हें दुसरें बळ कोठून येणार? मोजणीस वेळ लागतो, तारखा पडतात, हें आम्हांस इतरांपेक्षां जास्त माहीत आहे. तरी कोर्टांत जाणाऱ्या वर्षांपुढें ते महिने कांहींच नव्हेत.

निगेविषयीं आतां थोडें विस्तारानें. भिंगावर अतिपातळ लेप असतो. त्यावरची धूळ म्हणजे वाळूच होय. ती धोतराच्या सोग्यानें किंवा टॉवेलानें पुसणें म्हणजे भिंग घांसून काढणें आहे. आधीं रबरी फुग्यानें हवा मारून अगर मऊ कुंचलीनें धूळ उडवावी, मग श्वासाची वाफ देऊन भिंगासाठींच्या मऊ कापडानें हलक्या हातानें मधून बाहेर असें पुसावें. रॉकेल, पेट्रोल किंवा साबण लावूं नये. लेझर निघण्याची खिडकी कांहीं दुर्बिणींत दोन नळ्यांच्या मध्यें निराळी असते. ती लोक विसरतात, आणि मग पल्ला कमी झाला म्हणून तक्रार करतात. औषध फवारतांना दुर्बीण गळ्यांत ठेवूं नये. डांसांचें मलम लावलेल्या हातानेंहि ती धरूं नये. त्यांतील द्रव्यानें रबर व प्लॅस्टिक खराब होतात.

कोंकणांत व गोव्याकडे खरा शत्रु पावसाळी दमट हवा. चामड्याच्या पिशवींत कपाटांत ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि ती लेप खाऊन टाकते. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या खड्यांच्या पुरचुंडीसह दुर्बीण ठेवावी. निळे खडे ओलावा पिऊन गुलाबी झाले म्हणजे मंद आंचेवर तापवून पुन्हां निळे करून घ्यावे. भिजलेली दुर्बीण डब्यांत कोंडूं नये. सावलींत पुरती वाळवावी. चांगल्या दुर्बिणींत नायट्रोजन वायु भरून सांधे बंद केलेले असतात, म्हणून कोणताहि स्क्रू घरीं उघडूं नये. उघडल्यास वायु जातो, आणि दोन नळ्यांची जोडनजर बिघडून पाहणारास डोकेदुखी होते. पडल्यामुळेंहि हाच दोष येतो. एका पदार्थाचे दोन पदार्थ दिसूं लागले तर तो कारखान्याच्या दुरुस्तीचा विषय आहे, गांवच्या घड्याळजीचा नव्हे.

पुष्कळ यंत्रांत सी. आर. २ नांवाचा तीन व्होल्टांचा लिथियम सेल लागतो. आंकडे लुकलुकूं लागले म्हणजे तो संपत आला असें समजावें. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावा. गळलेल्या सेलानें कप्प्यांतील पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. ट्रॅक्टरच्या काचेमागें उन्हांत दुर्बीण ठेवूं नये. तिच्यांतून सूर्याकडे कधींहि पाहूं नये, आणि मुलांच्या हातीं ती देतांना हें आधीं सांगावें. क्षणभर पाहिल्यानेंहि डोळा कायमचा जाण्याचा संभव असतो. यंत्राच्या अंगावर 'क्लास १' असा शिक्का असेल तर त्याचा लेझर नेहमींच्या वापरांत डोळ्यांस निर्धोक मानलेला आहे. शिक्का नसलेलें यंत्र स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. आणि शिक्का असला तरी कोणाच्या तोंडावर रोखून खेळ करूं नये.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. नामांकित कंपनीच्या जोडनळीच्या दुर्बिणीस लाखाच्या वर रुपये पडतात. पांच-दहा एकरांच्या धन्यानें त्यांत पैसा घालणें आम्हांस पटत नाहीं. त्याच तत्त्वावर चालणारें, कोन दाखविणारें एकनळीचें यंत्र कांहीं हजार रुपयांत मिळतें व पाइप-मोटरीच्या अंदाजास तें पुरतें. तेंहि एकट्यानें न घेतां संघाच्या शाखेनें एक घेऊन, वापरणाराची नोंद वहींत करून आळीपाळीनें दिलें तर अधिक चांगलें. घेतांना दुकानांत भिंतीकडे पाहून समाधान मानूं नये. बाहेर रस्त्यावर यावें, टेपनें पन्नास मीटर मोजून घ्यावे, त्या अंतरावर पांच वेळां पाहावें, आणि यंत्रावरचा नंबर पावतीवर लिहून घेऊन मगच पैसे मोजावे.